आपल्या शहराच्या नावांची वही कशी करायची (जालन्याहून)

आमच्या गल्लीत एका बाजूला राजस्थानातून आलेलं किराणा दुकानदाराचं घर, त्याला लागून दखनी बोलणारे टेलर चाचा, समोर घनसावंगीकडून पोरांच्या शिक्षणासाठी आलेले शिंदे काका, आणि वरच्या मजल्यावर भाड्यानं बिहारचे तीन भाऊ, तिघंही स्टीलच्या कंपनीत. आम्ही स्वतः परतूरकडचे, आजोबा जिनिंगवर कामाला आले ते इथंच राहिले. जालन्यात कुणाला "मूळ गाव कोणतं" विचारा, दहातले सात जण दुसरंच नाव सांगतील आणि तरी पुढच्या वाक्यात "आमचं जालना" म्हणतील.

तर झालं असं की एका 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, आम्ही काही जणांनी "जालना हे नाव कसं पडलं" असा एक कागद छापून वाटला. मी लिहिला होता. एकच गोष्ट होती त्यात, मला लहानपणी ऐकवलेली. वाटताना एक मावशी थांबल्या, पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय बाळा, पण यात आमची वस्ती कामून नाही? आम्ही काय काल आलो का?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर आम्ही कागद सोडून वही सुरू केली आणि आता ती तिसऱ्या रजिस्टरवर गेलीय. परभणी, हिंगोली, उदगीरहून काही जणांनी विचारलं की कशी केली, म्हणून हे लिहितोय. शहर छोटं असेल आणि माणसं चारी बाजूंनी आलेली असतील तर ही पद्धत कुठंही चालेल.

सुरवातीला फक्त एक लांब रजिस्टर घ्या, दोनशे पानी, आणि पाच रकाने आखा. नाव, ते कोण म्हणतं, कोणत्या भाषेत, कधीपासून, आणि आपल्याला ते कुठं ऐकायला किंवा वाचायला मिळालं. पाचवा रकाना कधीच रिकामा सोडू नका. आम्ही पहिल्या चाळीस नोंदींत तो सोडला होता, नंतर अर्ध्या नोंदी कुणी सांगितल्या तेच आठवेना आणि परत सगळ्यांच्या दारात जावं लागलं. मोबाईलवर टाइप करायला हरकत नाही पण म्हातारी माणसं वही बघून जास्त बोलतात, हा अनुभव आहे, वही समोर असली की "लिही, हे पण लिही" म्हणतात.

आता नावाची दंतकथा. प्रत्येक गावाला एक असतेच आणि सगळी भांडणं तिच्यावरूनच होतात. जालन्याची जुन्या गॅझेटिअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, जी परंपरा दिलीय ती अशी की रामाच्या काळात हे गाव वसलं, सीता इथं राहिली, तेव्हा नाव होतं जनकपूर, आणि पुढं एका श्रीमंत मुसलमान व्यापाऱ्याच्या इच्छेनं जालना झालं, तो धंद्यानं जुलाहा म्हणजे विणकर होता आणि त्यानं गावाचं फार भलं केलं. आमच्याकडे काही जण पहिला अर्धाच सांगतात, काही जण दुसरा अर्धाच. वहीत दोन्ही लिहायचे, सलग, आणि कोणी कुठला अर्धा सांगितला तेही लिहायचं, कारण ती पण माहितीच आहे. दंतकथा लिहिताना वाक्याच्या शेवटी "असं सांगतात" घालायला विसरू नका, ती इतिहास म्हणून छापली की उद्या कुणीतरी तीच पुरावा म्हणून नाचवतं. मला स्वतःला या गोष्टीतली एक जागा फार आवडते, ती अशी की दोन्ही अर्ध्यांत गावाला नाव मिळतंय ते बाहेरून आलेल्या माणसामुळं, एकीकडे सासरी आलेली जनकाची लेक आणि एकीकडे माग घेऊन आलेला विणकर. जालन्याची गोष्ट यापेक्षा नीट कुणाला सांगता येईल असं मला वाटत नाही.

यानंतर पायी फिरा. गाडीवर नाही, पायी, आणि शक्यतो सकाळी दुकानं उघडायच्या टायमाला. शहराचं मोठं नाव सगळ्यांना पाठ असतं पण खरा ऐवज गल्ल्यांच्या, नाक्यांच्या, बाजारांच्या नावात असतो. जालन्यात कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा जालना, तिकडंच कादराबाद. नव्या जालन्यातला माणूस "जुन्या जालन्यात जाऊन येतो" असं म्हणतो तेव्हा तो एक पूल ओलांडत असतो फक्त, तरी बोलण्यात दुसऱ्या गावाला चालल्यासारखा सूर असतो, अशा गोष्टी पण टिपा. मस्तगड आहे, ती गढी निजाम असफजाहच्या काळात काबिलखानानं 1725 ला बांधली असं गॅझेटिअर सांगतं. मोती तलाव आहे जिथं आपले गणपती विसर्जनाला जातात. आनंदी स्वामींचं ठिकाण जुन्या जालन्यात, आषाढीला तिथं यात्रा भरते. मोंढा, म्हणजे शेतमालाचा घाऊक बाजार, आहे. आणि सदर बाजार.

सदर बाजार या नावाशी थोडं थांबतो कारण ही खूण मराठवाड्यात आणि बाहेर बऱ्याच शहरांत कामी येते. जिथं सदर बाजार, कॅम्प, छावणी, परेड ग्राउंड असली नावं एकमेकांच्या जवळ सापडतात तिथं कधीतरी पलटण राहिलेली असते. जालन्यात इंग्रजांची छावणी 1827 ला उभी राहिली, विसाव्या शतकाच्या सुरवातीला ती गुंडाळली गेली. पण पलटण आली की एकटी येत नाही ना, तिच्यासोबत धोबी, भिस्ती, नालबंद, शिंपी, बेकरीवाले, सावकार, दारूचे ठेकेदार, कारकून, कुठून कुठून येतात आणि पलटण गेली तरी ते जात नाहीत, त्यांची घरं झालेली असतात. म्हणून छावणीच्या खुणा सापडल्या की आसपासच्या आडनावांकडं बघा. "परदेशी" हेच आडनाव असलेली घरं आपल्याकडं आहेत, विचारलं तर पणजोबा उत्तरेकडून आले एवढं सांगतात, त्या आडनावातच सगळं लिहिलेलं आहे. धुळवडीला जालन्यात हत्ती रिसाला निघतो, लहानपणापासून बघतोय, पण रिसाला हा शब्द घोडदळाचा, फौजेतला, हे मला वही करताना सुचलं. रंग खेळायच्या मिरवणुकीला आपण फौजेचं नाव दिलंय आणि ते इतकं आपलं झालंय की कुणाला परकं वाटत नाही. सण, मिरवणूक, यात्रा यांची नावं पण वहीत घ्या, नुसत्या जागांची नको.

तसंच धर्मस्थळांच्या भिंती वाचा. मंदिराच्या पायरीवर, दर्ग्याच्या कमानीवर, चर्चच्या संगमरवरी पाटीवर दान देणाऱ्यांची नावं असतात आणि गाव कसं लिहिलंय तेही असतं. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरात जन्मलेले, पुढं ख्रिस्ती मिशनरी झालेले गृहस्थ, त्यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ एक वस्ती वसवली आणि तिला नाव दिलं बेथेल. बायबलमधलं नाव, मराठवाड्याच्या काळ्या मातीत. आपल्या शहराच्या आजूबाजूला असं एखादं लांबून आलेलं नाव असतंच, ते लोकांच्या तोंडात कसं घासलं गेलंय ते जसंच्या तसं लिहा, दुरुस्त करू नका.

छत्रपती संभाजीनगरच्या मित्रांना हे काम फार सोपं आहे, तिकडं पुरेच पुरे. पदमपुरा, कर्णपुरा, भावसिंगपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा, हे मोगलांसोबत आलेल्या राजपूत सरदारांच्या नावाचे. कर्णपुरा ऐकलं की महाभारतातला कर्ण आठवतो पण तो बिकानेरच्या राजा करणसिंहाचा पुरा, आणि आज नवरात्रात तिथल्या देवीच्या यात्रेला अख्खं शहर लोटतं. बाहेरून आलेल्या राजाचं नाव, देवी सगळ्यांची.

कागदांकडं वळायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर महिने वाया जातात. तुमचं शहर कोणत्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या राज्यात होतं याची पट्टी आधी काढा. जालना जिल्हा 1 मे 1981 ला झाला, त्याआधी जालना औरंगाबाद जिल्ह्यात. 1 मे 1960 पासून महाराष्ट्र, 1 नोव्हेंबर 1956 पासून मुंबई राज्य, त्याआधी हैदराबाद. म्हणजे 1950 चा कागद शोधायचा तर "जालना जिल्हा" म्हणून शोधून काही मिळणार नाही. निजामाच्या काळातलं पुष्कळ दफ्तर हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहे. औरंगाबाद जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर 1884 चं आहे, इंग्रजीत, नेटवर पीडीएफ मिळतं. आणि नेटवर इंग्रजीतून शोधताना आजचं स्पेलिंग टाकू नका, जुन्या इंग्रजी कागदांत गावाचं नाव जौलना, जौलनाह अशा उच्चारानं लिहिलेलं असतं, ते टाकलं की एकदम पलटणींचे, लढायांचे, प्रवासाचे कागद उघडतात. परभणी, बीड, नांदेडचं पण असंच दोन-तीन प्रकारे लिहून बघा.

फसली सनाला घाबरू नका. निजामाच्या कागदांवर तारखा फसलीत असतात, त्यात 590 मिळवले की इसवी सन येतं, फसली 1350 म्हणजे 1940-41. हिजरीला मात्र हा हिशोब लावायचा नाही, ते चांद्र वर्ष आहे, त्याचा मेळ दरवर्षी सरकतो, ते जाणकाराकडूनच करून घ्या. जमिनीच्या कामामुळं 1954 चं खासरा पाहणी पत्रक आपल्याकडं घरोघरी माहीत आहे, त्यात वाडी-वस्ती आणि शिवाराची नावं बघा, लोक फक्त स्वतःचं नाव बघून कागद घडी घालून ठेवतात. 2023 नंतर कुणबी नोंदी शोधायच्या निमित्तानं मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची अचानक गरज पडली, त्यामुळं आता प्रत्येक तालुक्यात असा एखादा माणूस लोकांना माहीत झालाय. त्यांच्याकडं जा, पण फुकट वाचून घेऊ नका, डोळ्यांचं काम आहे ते. टेलर चाचांनी आमच्यासाठी उर्दूतलं एक जुनं खरेदीखत वाचलं, त्यात चतुःसीमा सांगताना गल्लीचं जे नाव होतं ते आज कुणाच्याच तोंडात नाही. चाचा वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "ये तो हमारे दादा बोलते थे." आम्ही ते नाव त्याच दिवशी लाल शाईनं लिहिलं.

शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर मिळालं तर सोनं समजा, त्यात जन्मगाव असतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि मुलांची नावं उतरवून घेऊ नका, फक्त गाव आणि वर्ष. मोंढ्यातल्या जुन्या पेढ्यांकडे बह्या असतात, लिपी महाजनी किंवा मोडी, शेठजी लगेच देत नाहीत, दोन-चार वेळा चहाला बसावं लागतं आणि ते बरोबरच आहे, हिशोबाच्या वह्या आहेत त्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नोंदी असतात, अस्थी घेऊन गेलेल्या माणसानं गावाचं नाव काय सांगितलं ते तिथं लिहिलेलं सापडतं. कुणी दहाव्याला चाललं असेल तर त्यांच्या दुःखात हे काम सांगू नका, नंतर सहा महिन्यांनी स्वतः जा.

जनगणनेत सी-16 नावाचा तक्ता असतो, मातृभाषांचा. तो काढाच. 2011 ला जालना शहराची लोकसंख्या 2 लाख 85 हजारांच्या आसपास होती आणि तक्त्यात इतक्या भाषांच्या ओळी दिसतात की आपल्या गल्लीत कोण कोण राहतं हे आपल्यालाच नव्यानं कळतं. देगलूर, धर्माबाद, बिलोलीकडच्यांना तेलुगूचा आकडा बघून नवल वाटणार नाही, पण लातूर-जालन्याकडच्यांनी जरूर बघा. तक्त्यातली प्रत्येक भाषा म्हणजे वहीतलं एक दार असं धरा आणि त्या भाषेचं किमान एक घर गाठा.

आणि आता सर्वात महत्त्वाचं काम, नव्यानं आलेल्यांना विचारणं. इथं बहुतेक जण कच खातात. आपण जुन्यांच्या मागं लागतो कारण ते गोड बोलतात, आठवणी सांगतात, आणि एमआयडीसीत रोलिंग मिलवर बारा तास उभं राहणारा माणूस आपल्या हिशोबात "तात्पुरता" असतो. जालन्याची सळई महाराष्ट्रभर घरांच्या स्लॅबमध्ये जाते, ती ओढणारे हात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे आहेत, काही जण वीस वर्षांपासून इथं आहेत, पोरं मराठी शाळेत आहेत. त्यांना यादीत न घेता शहराची ओळख लिहिली तर त्या मावशींचा प्रश्न परत येणार आणि यावेळी तो खरंच लागेल.

त्यांना भेटताना काही पथ्यं पाळा. सुट्टीच्या दिवशी जा, गेटवर नाही, खोलीवर किंवा चहाच्या टपरीवर. आधार, ठेकेदाराचं नाव, पगार यातलं काही विचारू नका, विचारलं की माणूस घाबरतो आणि का घाबरतो ते आपल्याला माहीत असतं. नाव लिहायचं नसेल तर "ओडिशाचा कामगार, वय चाळीसच्या आसपास" एवढं पुरे. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून. आणि प्रश्न सोपे ठेवा. घरी फोनवर बोलताना या गावाला काय म्हणता? इथं आल्यावर पहिल्यांदा कोणत्या जागेचं नाव पाठ झालं? तुमच्या बोलीत तुम्ही एखाद्या चौकाला वेगळं नाव ठेवलंय का? शेवटच्या प्रश्नावर ते हसतात आणि मग बोलायला लागतात. वरच्या मजल्यावरच्या भावांपैकी मोठा म्हणाला, "घर पे जालना कोई नहीं समझता, हम महाराष्ट्र बोलते हैं." आणि त्याची सात वर्षांची लेक तिथंच बसली होती, ती मराठीत म्हणाली, "मी जालन्याचीच आहे." दोन्ही वाक्यं एकाच पानावर लिहिलीत, एकाखाली एक.

बायकांना वेगळं विचारा, हेही सांगून ठेवतो. पुरुष चौकांची, दुकानांची नावं सांगतात. बायका नळ, आड, बाजाराची वाट, दवाखाना, भिशीचं घर यांवरून जागा ओळखतात आणि ती नावं कुठल्याच कागदावर नसतात. आमच्या वहीतल्या तीस-पस्तीस नोंदी फक्त बायकांकडून आल्यात, काकू, खाला, भाभी, सगळ्यांकडून.

म्हणी आणि बिरुदं पण सोडू नका. "जालना सोने का पालना" हे सगळ्यांच्या तोंडी आहे. कधी विचार केला का की ही म्हण मराठीत नाही? बाजारात मारवाडी, दखनी मुसलमान, मराठी शेतकरी, सगळे एकमेकांशी ज्या बोलीत सौदा करायचे त्या बोलीत ती आहे. नंतरची ओळख बियाण्यांची, बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 ला इथं महिको सुरू केली आणि त्यांना 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, मग स्टीलची, मोसंबीची. प्रत्येक बिरुदाच्या पुढं ते कोणत्या कामामुळं आलं आणि त्या कामाला माणसं कुठून आली हे लिहा, नाहीतर ते नुसतं स्वागत कमानीवरचं वाक्य राहतं.

नाव बदललेल्या गावांत वही करताना जीभ जड होते, मान्य आहे. तिथं वाद घालत बसू नका, पट्टी काढा. छत्रपती संभाजीनगरचीच घ्या. आधी खडकी, मलिक अंबरनं 1610 ला राजधानी केली, तो स्वतः इथिओपियातून गुलाम म्हणून आणलेला हबशी. 1626 ला मुलगा फतेहखानानं फतेहनगर केलं. 1653 ला औरंगाबाद. 2023 ला छत्रपती संभाजीनगर. उस्मानाबाद आणि धाराशिव, मोमिनाबाद आणि अंबाजोगाई, खुलदाबाद आणि रौजा, सगळ्यांची अशीच ओळ करा, वर्षासकट. आजचं अधिकृत नाव वहीच्या कव्हरवर, बाकीची आत, एकही गाळायचं नाही. एखाद्या आजीनं जुनं नाव वापरलं तर तिच्या वाक्यात तेच ठेवा, आणि एखाद्या पोरानं नवं नाव अभिमानानं सांगितलं तर त्याच्या वाक्यात ते.

उलट्या दिशेचं पण एक पान ठेवा, इथून बाहेर गेलेल्यांचं. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, तिथल्या माणसांनी दान दिल्याच्या नोंदी सांची आणि भारहुतच्या दगडांवर कोरलेल्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. ती माणसं परमुलखात जाऊन स्वतःच्या नावासोबत गावाचं नाव कोरून आली. आपली पोरं पुण्याला, चाकणला, हैदराबादला आहेत, त्यांना व्हॉट्सअपवर विचारा की तिकडं तुम्हाला कोणत्या नावानं ओळखतात.

छापायच्या आधी वही वाचून दाखवा. प्रत्येक वस्तीत एक संध्याकाळ, मोठ्यानं, आणि तिथल्याच माणसाकडून वाचून घ्या. उर्दू नावांचे नुक्ते, मारवाडीतला ळ, भोजपुरीतले उच्चार आपल्याकडून चुकतातच, ते तिथंच दुरुस्त होतात. कुणी म्हणालं "हे काढा" तर कारण विचारा, आणि ते त्यांच्या घराबद्दल असेल तर काढा, दुसऱ्याच्या घराबद्दल असेल तर काढू नका. आम्ही पहिलं वाचन त्या मावशींच्या वस्तीत केलं. त्यांनी दोन नावं दुरुस्त केली आणि एक नवीन सांगितलं, आडाचं, जो आता बुजलाय.

फेरी कधी काढायची तर दसऱ्याच्या आत. दिवाळी-छटला उत्तरेकडचे कामगार गावी जातात, खोल्यांना कुलपं लागतात, आणि परत येणारे सगळे तेच असतात असं नाही.